बाबीनचा किनारा

— नाही हो बाई, तो मोज्यांचा जोड नको, तो नुसता दिसायला लोकरीचा. हॉटेलात पोचेपर्यंत भिजेल आणि रात्रभर मला शिव्या घालाल. हा घ्या. मेंढी इथली, विणणारीही इथलीच — विणताना तोंड चालू असतं तिचं, एखादा टाका सुटायचा, पण ऊब पक्की. बसा, बसा. पावसात कुठे निघालात? हॉटेलातल्या समुद्रशेवाळाच्या गरम टबातून उठून आलेलं माणूस मी लांबून ओळखतो — चेहऱ्यावर चमक आणि पाय गार. शेवाळ कापणाऱ्यांचेही पाय गारच असायचे, चमक तेवढी कधी दिसली नाही.

फोन ना? वाजू दे. डिलिया असणार, शेजारीण. समोरच्या सभागृहात बसलीय. तिथे कारखाना-हॉटेलवाल्यांनी किनाऱ्याचा नकाशा मांडलाय — आज पाच वाजेपर्यंत. ज्याची पट्टी, म्हणजे शेवाळ कापायचा किनाऱ्याचा तुकडा, नकाशात राहून गेली त्यानं स्वतः जाऊन बोट ठेवायचं, मग ती त्याच्या नावावर. नाही गेला तर हॉटेलच्या. माझी राहिलीय. म्हणजे बाबीनची. बाबीन माझी बायको, तिच्या माहेरकडून आलेली पट्टी, काळ्या खडकापलीकडची. जाईन ना, रस्ता तर ओलांडायचाय. पण गिऱ्हाईक टाकून उठायचं? असा धंदा होत नाही.

आणि धंदा वाढलाय, खोटं कशाला बोलू. पूर्वी काय खपायचं माझ्याकडे — दोर, चहा, रॉकेल. आता मोजे, टोप्या, वासाचे साबण. कारखाना आला, शेवाळाची पूड करून देशोदेशी पाठवतो. आमच्या गावातल्या पॉरिकचा मुलगा तिथे लागला, नाहीतर बॉस्टनला गेला असता. मग हॉटेल आलं, मागोमाग तुम्ही मंडळी. मागे एका पाहुण्यानं पॉरिकला विचारलं, ‘हिवाळ्यात तुम्ही लोक करता तरी काय?’ पॉरिक म्हणाला, ‘उन्हाळ्यात आलेल्यांची टिंगल.’ तो बिचारा हसला, पॉरिकला एक पेला पाजला वर. तेव्हा मी काही या सगळ्याच्या विरुद्ध नाही. बरं वाटतं. म्हणजे — काही वाटत नाही, तेच बरं.

नकाशात राहिली कशी? कुणी लबाडी केली असं नाही हो. इथे कोणती पट्टी कुणाची हे तोंडातोंडी चालतं. या खडकापासून त्या ओहळापर्यंत अमक्याची, बस्स. ओहोटीला उतरायचं, विळ्यानं कापायचं, कापलेल्याचा मोठा गोल भारा दोरानं करकचून बांधायचा — भरती आली की तो आपणहून तरंगतो. बाबीन त्यावर उभी राहून काठीनं ढकलत यायची. मी दुकानाच्या दारातून ओरडायचो, ‘राणीसाहेब, तिकीट काढलंत का?’ ती जे उत्तर द्यायची ते तुमच्यासमोर नको.

तर — घरातलं माणूस गेलं की त्याची पट्टी तशीच ठेवतात. शेजारी तिथे पाय ठेवत नाहीत, तिचं नावसुद्धा काढत नाहीत. घरच्या कुणीतरी उतरून पुन्हा विळा लावला की सुतक फिटलं, मग बोलणं मोकळं. कारखान्याचा माणूस मोजणीला आला तेव्हा त्यानं सगळ्यांना विचारलं, ‘ही कुणाची?’ सगळे गप्प. डिलिया म्हणे बुटांकडे बघत राहिली, पॉरिकनं टोपी काढली. त्या शहाण्याला वाटलं, बेवारशी दिसतेय. त्यांची चूक नाही. त्यांनी रीत पाळली.

हिवाळ्यात. बाबीन हिवाळ्यात गेली. अहो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुम्ही मोजे घ्यायला आलात.

विळा? लावेन असं म्हणतच होतो. वसंतात म्हटलं, थंडी ओसरू दे. उन्हाळ्यात म्हटलं, गिऱ्हाइकांची गर्दी आहे. घरात दुसरं कोण आहे लावायला? मुलं नाहीत आम्हाला. मी उतरलो नाही म्हणून ते बोलले नाहीत — असं डिलिया म्हणते. आता येते रोज. ‘अरे फेस्टी, तोंडानं एकदा म्हण तरी, तिची होती म्हणून! बाकीचं आम्ही सगळे सांगतो.’ ‘होती’ म्हण, म्हणते. तिला काय जातं.

हा बघा, पॉरिक. काचेवर टकटक करायची वाईट खोड आहे याला. — पॉरिक, अरे, गिऱ्हाईक आहे, दिसत नाही? — हो, हो, बघितलं मी घड्याळ! — जा पुढे, आलोच!... ओला झालाय पार. कामाला जायचं सोडून उभा आहे सकाळपासून. चांगला माणूस.

तुम्ही कुठे उठलात? माझ्यासाठी? छे छे, बसा. दुकान सांभाळता? सांभाळाल हो, पण कशाची किंमत काय ते तुम्हाला कुठे ठाऊक. टोप्या बघून घ्या एकदा, ही निळी तुम्हाला शोभेल. घालून बघा. आरसा तिकडे. कान झाकले पाहिजेत — हां, अशी.

दिवे मालवले का तिथले? सभागृहातले. दारात डिलिया उभी आहे. तो नकाशावाला गाडीत बसला. तिनं हात केला त्याला... नाही थांबला. गेली गाडी.

हं.

काय म्हणालात? कुठली पट्टी, ती काळ्या खडकापलीकडची? तुमच्या खिडकीखालची? ती होय — ती हॉटेलची आहे. जा आता बाई, पाऊस ओसरलाय. दार ओढून घ्या जाताना.