अर्धं मत

अर्ध्या मताची गोष्ट ऐकलीय का कधी? करमाडजवळच्या आमच्या गावामुळं घडली.

झेडपीचं तिकीट कुणाला द्यायचं, ते पक्षानं गावोगावच्या प्रतिनिधींवर सोपवलं होतं. आमच्या गावानं बाजाराचा दिवस चुकवायला म्हणून प्रतिनिधीचं मतदान पक्षाच्या तारखेच्या आधीच घ्यायचं ठरवलं. शहरातून पक्षाच्या साहेबांचा निरोप आला, "हे मतदान धरणार नाही."

मी हमीदच्या बाजूचा. त्यालाच तिकीट मिळावं म्हणून झटत होतो. आमच्या माणसांना मीच घरोघर सांगत फिरलो, "उगं रोज बुडवू नका, कापूस वेचायला जा." ती गेली. समोरच्या उत्तमरावाची माणसं मात्र रांगेला लागली, अन् त्यांचाच प्रतिनिधी निवडून आला.

पुढं शहरात आमचं गाव सोडून मोजणी झाली, तर हमीद अन् उत्तमराव बरोबरीत! साहेब म्हणाले, "आता ते मत धरावंच लागेल. गावाचा कौल आहे."

मी उठलो. "साहेब, तुम्हीच नाय म्हणले होते. तुमचं ऐकून जे आलेच नाय, त्यांचा कौल?"

"बाबा, न आलेल्यांचं कसं मोजू?" साहेब हसले. "बरं, तुमचाही मान राखतो. अर्धंच धरतो."

टाळ्या पडल्या. हमीद अर्ध्या मतानं पडला.

परतीच्या एसटीत हमीद म्हणला, "काका, आपल्या समद्या घरी सांगितलं होतं?"

"व्हय रं, एकबी घर सोडलं नाय."

"सोडायचं व्हतं की दोन-चार."