किडीनं खाल्लेलं पान

(जपानमधल्या कानाझावा शहरातलं एक केंद्र. म्हातारी माणसं इथे दिवसभर येऊन बसतात. भिंतीवर त्यांनी कापडावर काढलेली चित्रं. चौऱ्याऐंशी वर्षांचे तोकुजिरो, त्यांची मुलगी मिसाए, केंद्रातल्या हामादाबाई.)

मिसाए : पण बाबा, सगळे तुमच्याच चित्रापाशी थांबतायत.

तोकुजिरो : थांबू देत. मला तिकडे बघवत नाही.

मिसाए : असं काय बोलता? अर्धांगाचा झटका आल्यानंतर पहिल्यांदा ब्रश धरलात. काकूला फोटो पाठवला, तर रडली बिचारी. हात परत आला म्हणाली.

तोकुजिरो : आला असेल कुणाचा तरी. माझा नव्हे.

हामादाबाई : अगंबाई, आज आजोबा रुसले वाटतं. आपण चहा घेतला की नाही?

तोकुजिरो : मी तुमचा आजोबा नाही. आणि आपण नाही, मी. माझ्या चित्रातल्या पानाला हात कोणी लावला?

हामादाबाई : इतकंच होय. पानाला भोकं पडली होती, कडेला तपकिरी डाग. तुमचा हात हलतो ना, म्हटलं घरची माणसं येणार, रंग भरून जरा नीटनेटकं करू. सगळ्यांचंच करतो आम्ही.

तोकुजिरो : ऐकलंस? सगळ्यांचंच करतात. त्या कोपऱ्यातल्या म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, आणि तिचा भोपळा बघ कसा चकचकीत. शी.

मिसाए : बाई, ते डाग नव्हते हो. बाबा साठ वर्षं किमोनोचं रेशीम रंगवायचे. आमच्या कामात पान मुद्दाम किडीनं खाल्लेलंच काढतात.

तोकुजिरो : तिला कशाला सांगतेस? ती परकी. तू त्या ताणलेल्या रेशमाखाली रांगलीस. आल्या आल्या काय म्हणालीस?

मिसाए : छान आलंय म्हणाले.

तोकुजिरो : हॉटेलच्या काचेत मेणाचं जेवण मांडतात ना, तसलं पान आहे ते. आणि तू म्हणतेस छान.

मिसाए : चुकलं माझं. पुन्हा काढा ना. अशी हजार पानं काढली असतील तुम्ही.

तोकुजिरो : हजारो. एक धड नव्हतं. माझा हात फार स्थिर होता. भोकं आखल्यासारखी यायची. गुरू म्हणायचे, किडा काय पट्टी घेऊन खायला बसतो? शेवटपर्यंत जमलं नाही. परवा या लटपटत्या हाताला जमलं. कड अशी कुरतडलेली आली, की मीच बघत बसलो. कुणाला बोललो नाही. म्हटलं, तू येशील तेव्हा दाखवू.

हामादाबाई : मला खरंच माहीत नव्हतं. उतरवू का चित्र?

तोकुजिरो : राहू दे. खाली माझं नाव आहे तेवढं काढा. तुमचं लिहा.

हामादाबाई : मला कुठे चित्र काढता येतं?

तोकुजिरो : दिसतंय ते.

मिसाए : बाबा, कुठे होतं ते भोक? मला दाखवा.

तोकुजिरो : इथे. शिरेच्या डावीकडे.

मिसाए : काहीच दिसत नाही.

तोकुजिरो : नाहीच दिसणार. चांगलं भरलंय तिनं.