कर्नलसाहेबांना पुन्हा वॉशिंग्टनला धाडा

आमच्या व्हर्जिनियात मत ओरडून द्यायचं असतं, आणि उमेदवार समोरच खुर्ची टाकून ऐकत बसतो. कोर्टाच्या अंगणातल्या रांगेत लेम्युएल आणि टार्लटन माझ्या पुढेच होते.

"टार्लटन, या कर्नल क्रचफील्डनं इतकी वर्षं वॉशिंग्टनला जाऊन काय दिवे लावले रे?"

"भाषणं केली. सभागृह झोपलं."

"मग यंदा पाडूया म्हाताऱ्याला!"

"पाड की. पण पडल्यावर तो राहील कुठं?"

"कुठं म्हणजे? इथंच, आपल्या घरी."

"गेल्या उन्हाळ्यात आला होता, तेव्हा माझ्या डुकरांपुढे राज्यघटनेवर बोलला. डुकरांनी खाणं टाकलं."

"अरे देवा! म्हणजे चर्चमध्येही बोलणार?"

"दर रविवारी."

तेवढ्यात शेरीफनं पुकारा केला, "लेम्युएल टकर, मत कुणाला?"

"कर्नल क्रचफील्ड! कर्नलच!"

कर्नल उठून कमरेत वाकले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मित्रा, एवढ्या प्रेमाला मी पात्र नाही रे."

पलीकडे कर्नलांच्या पत्नी स्वतः मतदारांसाठी ठेवलेल्या रमच्या पिंपाशी उभ्या होत्या. त्यांनी लेम्युएलचा पेला काठोकाठ भरला.

"पी रे बाळा. आणि तुझा भाऊ कुठाय? त्यालाही घेऊन ये. मागच्या निवडणुकीत अगदी थोडक्यात वाचले मी."