पाठीमागची गाठ

शिवणकाम करणाऱ्या बाई बोटाची पट्टी बदलायला दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी झाडं छाटणारे दोघे आतल्या खोलीतून येऊन टेकले. गांधीलमाश्यांनी दोघांचे चेहरे सुजवले होते. धाकट्याचे तर डोळेच मिटले होते. बाईंची नजर बोटावर होती, कान तिकडे.

“पोळं दिसलं नाही का रे तुम्हाला?”

“ढोलीत होतं, काका. दाजींनी फांदीला करवत लावली आणि सगळ्या एकदम बाहेर आल्या.”

“उडी टाकायची ना! एवढ्या उंचावर नव्हता तो.”

“कमरेला दोर होता.”

“सोडायचा मग. एरवी वर पोचला की आधी दोरच सोडतो तो.”

“म्हणूनच आज गाठ मी पाठीमागे मारली. त्यांचा हात पोचू नये अशी.”

“हे शहाणपण कुणाचं?”

“ताईचं. नवरा एक दिवस झाडावरून पडणार म्हणून रोज माझा जीव खायची.”

“अरे देवा.”

“‘सोड रे, सोड’ म्हणून ओरडत होते. मी चढलो, पण डोळ्यांना दिसेचना. तुम्ही आलात तेव्हा ते गप्प झाले होते.”

“डॉक्टरांनी हात टेकले. गेला तो. तिला सांगायला हवं.”

“तुम्ही सांगा, काका.”

तेवढ्यात ताई धापा टाकत आत आली.

“हे पडले का रे झाडावरून?”

“नाही, ताई. पडले नाहीत.”

“नाही ना? देव पावला! तुझ्या गाठीनंच वाचवलं बघ त्यांना.”