फ्लेक्सवरचा रत्नदीप

न्हाई रामनाथभाऊ, रत्नदीपचा नंबर घेऊन काय करणार — तो फोन उचलत न्हाई. माझा उचलत न्हाई, तुमचा कशाला उचलंल? बसा. चहा घ्या, निवतोय. आता तुमी म्हणाल, मॅडम, तुमचा पोरगा कॉम्प्युटर इंजिनियर, माझ्या पोरीला, संस्कृतीलाबी तेच घ्यायचंय, दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं — म्हणणारच की. सगळेच म्हणतात. बाहेर भिंतीवर त्याचा फ्लेक्स हाय ना, कोट घातलेला, वर 'हार्दिक अभिनंदन' — पुण्याच्या कंपनीत लागला तवा गावानं वेशीवर लावला व्हता. आमच्या यांनी उतरवून आणला न् इथं ठोकला. तवापासून माझं ॲडमिशनचं ऑफिस चालतंय राव. आपल्याकडं पोराला काय आवडतं हे कोण विचारतंय? नाक्यावर ज्याचा फ्लेक्स लागंल त्याची ब्रँच. एखाद्या नर्सिंगवालीचा लागला की अख्ख्या आळीतल्या पोरी नर्सिंगला. हसताय कशाला, तुमीबी त्यातलेच की.

बरं, नीट ऐका. कॉलेजांची यादी आज संध्याकाळच्या आत लॉक करायची. एक नंबरला जे टाकू ते लागलं तर तेच घ्यावं लागतं, मग मागं फिरता येत न्हाई — तुमी रडला, मी रडले, तरी न्हाई. तुमी म्हणताय एक नंबरला कॉम्प्युटर. टाकते. माझं काय जातंय? पण परवा संस्कृती मला फोनवर म्हणाली, मॅडम, मला सिव्हिल पायजे. तुमच्या घराचं बांधकाम चालू व्हतं तवा जिन्याची एक पायरी उंच झालीय, हे गवंड्याला तिनंच दाखवलं म्हणं — खरं का? मग? न्हाई, पोरीच्या जातीला साईटवर उन्हात कोण उभं करतंय, हे मला सांगू नका. तुमच्या टोमॅटोत दिवसभर उन्हातच असती की ती, तवा कुठं छत्री धरता तिच्यावर? — रागावू नका. मी रागावले न्हाई. मला राग येतच न्हाई हल्ली. पोरांचे नंबर लागतात, आईबाप पेढे आणतात, एखादी आई गळ्यात पडून रडती, मी तिच्या पाठीवरनं हात फिरवते — न् आत काही हालत न्हाई. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर ओठ कसा व्हतो, तसं. आपलाच असतो, पण आपला वाटत न्हाई.

काय? — न्हाई, आता पुण्याला न्हाई तो. वर हाय. वर म्हंजे इथंच, आपल्या डोक्यावर, माडीवर. कंपनीनं बऱ्याच जणांना काढलं, त्यात हाबी व्हता. आला, म्हणाला, आई, आठ दिवस पडतो जरा. दोन वर्षं झाली. ताट दाराशी ठेवते, रिकामं झालं की उचलते. डॉक्टरला दाखवून झालं, गोळ्या चालू हायेत — सांगून ठेवते, न्हाईतर तुमी म्हणाल बाहेरचं काहीतरी असंल, अमक्याला दाखवा. फ्लेक्स? काढायला गेले व्हते की. शिडी लावली, तर हे म्हणाले, यशोधरा, राहू दे, तेवढाच तर बघायला मिळतो आपल्याला. मग उतरले खाली. लोक विचारतात, पोरगं काय म्हणतंय — मी म्हणते, मजेत. तुमालाच कशाला सांगितलं, कुणास ठाऊक.

आन् कॉम्प्युटर वाईट, असं म्हणत न्हाई मी. किती पोरं त्याच्यावर उभी राहिली. रत्नदीपचं काय चुकलं, मला आईला कळलं न्हाई तर तुमाला काय सांगू? तुमच्या पोरीचं तुमी बघा. यादी लॉक करायचा ओटीपी आला का? तुमच्याच मोबाईलवर येणार, नंबर तुमचाच दिलाय. वाचा. — वाचा की. काय झालं? — कुठं हाय म्हणालात संस्कृती? बाहेर, गाडीवर? एवढा येळ पोरीला गाडीवर बसवून आपण दोघं तिचं ठरवत बसलोय व्हय? पाठवा तिला आत. तो मोबाईलबी तिच्याच हातात द्या. तुमी थांबा बाहेर. आन् जिन्याखाली मोठ्यानं बोलू नका, तो दिवसा झोपतो.