बारवेतला गाळ

पाटील, गंगाआत्या, मंडळी, आणि तिकडं जीपला टेकून उभे असलेले ड्रायव्हरभाऊ. तुमी मला बोलायला उभं केलं, पण उभं राहवत नाही. पायातून नारूचा किडा निघायलाय, काडीवर गुंडाळून वर चिंधी बांधलीय. गेल्या साली हिंडत आलो तेव्हा याच बारवेचं पाणी प्यालो, त्याचं हे फळ. मधेच थांबलो तर समजून घ्या.

दिगंबरराव डॉक्टर परवा आपल्या बारवेत बुडून गेले. शेवाळावरून पाय सरकला. एकटेच उतरले होते. एकटे का? आपल्यातला एकही माणूस सोबत उतरला नाही म्हणून.

मी काही या गावचा नाही. या खेपेला पूर्णेला गाडी चुकली, मग तिथला भजेवाला म्हणाला... जाऊ द्या ते. देवगाव फाट्यावर डॉक्टरांनी मला जीपमध्ये घेतलं. मी विचारलं, "साहेब, तुमी फौजेतले?"

"नाही रे. फौज मला नुसती पोसते."

दिल्लीत म्हणे लष्कराचं संशोधनाचं खातं आहे. ते स्वतः शोध लावत नाही. पैसा देतं, सामान देतं, अन् पुण्याचा माणूस काय करायलाय ते हैदराबादच्या माणसाला कळवतं. कुणी किडा तपासतो, कुणी पाणी गाळायचं कापड, कुणी पंप. आपली बारव डॉक्टरांच्या वाट्याला आली.

"फौजेला नारूचं काय पडलंय?"

"फौज पायावर चालते, बाबा. अन् शिपाई गावचंच पाणी पितो."

गोष्ट साधी होती. नारूवाला पाय पायऱ्या उतरून पाण्यात जातो, किड्याची पिलं पाण्यात पडतात, तेच पाणी आपण पितो. बारव उपसायची, पायऱ्या बुजवायच्या, पंप बसवायचा. पण जीप दिसली की तुमची दारं बंद. डॉक्टर विचारायचे, नारू आहे का? तुमी लंगडत येऊन सांगायचात, "न्हाई साहेब!"

का, ते आत्यानं मला सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या वेळी ठासणीच्या भरमार बंदुका, तलवारी, सगळं गावानं भिऊन बारवेत टाकलं. आता उपसलं की फौज धरून नेईल! मी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. लय हसले. "मी दोऱ्याएवढा किडा शोधतोय. बंदूक निघाली तर लोहाराला द्या, विळे करील."

पाटील, हे तुमाला येऊन सांगितलं होतं की नाही? तुमी काय म्हणालात? "गोड बोलून धरायची रीत हाय ही."

बघा, ड्रायव्हरभाऊ फौजेच्या खात्याचेच, त्यांनी आता सगळं ऐकलं. कुणाला धरलं? कुणाला धरलं, सांगा ना!

माणूस गेला. पंप पूर्णेच्या मालधक्क्यावर येऊन पडलाय. हुकूम आलाय: काम बंद, तंबू गुंडाळा, उद्या निघा. ड्रायव्हरभाऊ म्हणतात, उपसा सुरू झाला तर मी तार करतो, पंप परत जायचा थांबेल कदाचित. कदाचित. एवढंच हातात आहे. उद्यापर्यंतच आहे.

मंडळी, मी हिंडणारा माणूस. पायाशिवाय मला दुसरी इस्टेट नाही, अन् तीही गेली. तुमच्या लेकरांचे पाय तरी राहतील का? कुणीतरी बोला!

नाही बोलत? बरं. मग गप्पच उभे राहू, डॉक्टरांसाठी. चपला काढा. हे गप्प राहणं संपलं की मी लंगडत बारवेकडं निघणार, मोटेचा दोर धरायला.

एकट्यानं मोट ओढवत नसते. बैल पाटलांचे आहेत.