साडेतेराशेला चार कमी

न्यूझीलंडमधल्या हेन्डरसनच्या सभागृहाबाहेर नागरिकत्वाच्या शपथविधीची रांग होती. मी एका मित्राचा पाहुणा म्हणून उभा होतो. पुढे सुटातला नवरा आणि पैठणीतली बायको.

“विनया, मला एकट्याला शपथ घ्यायची नाहीये. पुढच्या वर्षी तुझं झालं की दोघं मिळून घेऊ. चल घरी.”

“चंद्रहास, ही पैठणी नेसायला मला पाऊण तास लागलाय.”

“पाच वर्षांत साडेतेराशे दिवस इथे राहायला हवं होतं. फक्त चार दिवसांनी हुकलं गं तुझं!”

“पितृपक्षात विमानात बसू नकोस, असं कोणाच्या आई म्हणाल्या?”

“माझ्या.”

“आणि पुण्याहून परतायचं तिकीट पुढे कोणी ढकललं?”

“मीच. पण आता मी इथला आणि तू भारतीय, हे बरं दिसतं का?”

“मुंबईला तू परदेशी लोकांच्या रांगेत उभा राहा, मी पुढे जाऊन बॅगा उचलते. आणि तुला इथे नवीन मिळणार काय? मत तर कायमची रहिवासी म्हणून मीही देते.”

“निवडणुकीला उभं राहता येईल.”

“आधी मराठी मंडळात निवडून ये. तिथे तुला तीन मतं पडली होती, माझं धरून.”

“चेष्टा पुरे. खरंच जाऊ आत?”

“जा. आणि पुटपुटू नकोस. शपथेत राणीला काय काय कबूल करतोस, ते मला शब्दन् शब्द ऐकायचंय. आपल्या लग्नात तू सगळं संस्कृतात बोलला होतास.”